लोकसभेचं मत ठरवताना बातमी कशी वाचायची आणि कागद कुठले बघायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: निवडणूक जवळ आली की घरात आणि मित्रांत वाद पेटतात. एक म्हणतो तुझा चॅनेल सरकारचा भाट, दुसरा म्हणतो तुझा यूट्यूबर विरोधकांचा. मग भरवसा कोणावर ठेवायचा? आणि मत पक्ष बघून द्यायचं की उमेदवार बघून?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की कोणत्या बातम्या आपल्या कामाच्या आणि कोणत्या नाहीत हे आपोआप कळतं. १९८५ साली राज्यघटनेत दहावं परिशिष्ट आलं. तेव्हापासून खासदाराने पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं याचा आदेश, मोडून मतदान केलं तर त्याची खासदारकी जाऊ शकते. म्हणजे विश्वासदर्शक ठराव असो, अर्थसंकल्प असो की एखादं वादग्रस्त विधेयक, तुमचा खासदार मनाने कितीही सज्जन असला तरी बटण पक्ष सांगेल तेच दाबणार. धोरणासाठी मत द्यायचं असेल तर ते पक्षालाच जातं, हे आधी मान्य करा. उमेदवाराचा कस लागतो तो वेगळ्या ठिकाणी. संसदेच्या स्थायी समित्यांमध्ये व्हिप चालत नाही, प्रश्नोत्तराच्या तासाला खासदार स्वतःचे प्रश्न विचारू शकतो, आणि वर्षाला पाच कोटींच्या खासदार निधीतून कोणती कामं सुचवायची हे तो ठरवतो. म्हणून माझं मत असं की पक्षाने निवड करावी आणि उमेदवाराने ती रद्द करावी. आधी पक्ष ठरवा, मग त्या पक्षाने दिलेला माणूस इतका वाईट आहे का की आपण दुसरीकडे जावं, हे तपासा. अनेक जण उलट करतात. गल्लीतल्या गटाराचा राग खासदारावर काढतात आणि बेरोजगारीवर मत देताना ‘माणूस चांगला आहे’ एवढंच बघतात. गटार नगरपालिकेचं काम आहे, खासदाराचं नाही.

महाराष्ट्रात आता यात आणखी एक गाठ आहे. शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटली. धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला, घड्याळ अजित पवार गटाकडे, आणि ठाकरे व शरद पवार यांच्या पक्षांना मशाल आणि तुतारी वाजवणारा माणूस ही चिन्हं मिळाली. २०२४ ला दिंडोरीत तुतारीशी गल्लत होईल असं पिपाणी चिन्ह असलेल्या एका अपक्षाला लाखावर मतं पडली. त्यातली बरीचशी तुतारीची होती असं मानायला जागा आहे. मतदानाआधी मतदान यंत्रावरचा उमेदवारांचा क्रम आणि चिन्हाचं चित्र एकदा नीट बघून ठेवा, आणि घरातल्या वयस्कर माणसांनाही दाखवा. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये त्याच निवडणुकीत निकाल ४८ मतांनी लागला.

आता माध्यमांकडे. ‘निःपक्ष चॅनेल कोणता?’ हा शोध सोडून द्या, त्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. मालक कोण हे मात्र माहीत हवं. ‘सामना’ हे पक्षाचं मुखपत्र आहे, ते लपवतही नाही. ‘सकाळ’च्या मागे पवार कुटुंबातले लोक आहेत, ‘लोकमत’च्या मागे काँग्रेसच्या राजकारणात राहिलेलं दर्डा कुटुंब, नागपूरचा ‘तरुण भारत’ संघविचाराचा. हे मराठी वाचकाला ठाऊक असतं. चॅनेलची मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिची भागधारकांची यादी दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येते. पण मालकी कळली म्हणजे बातमी खोटी ठरली, असं होत नाही. मालकाच्या धंद्याला किंवा नात्याला लागणाऱ्या विषयावर तो पेपर जपून वाचायचा, एवढाच तिचा उपयोग. मालक एका पक्षाचा असला तरी जिल्ह्याच्या पानावरची कालव्याच्या पाण्याची बातमी बहुधा चोख असते, कारण वाचक दुसऱ्याच दिवशी ती पडताळतो.

कल असतो कुठे? खोट्या आकड्यात क्वचित. तो निवडीत असतो, क्रमात असतो आणि क्रियापदात असतो. एकच घटना घ्या: लोकसभेत एक विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं आणि विरोधक बाहेर पडले. एक मथळा होतो ‘गदारोळातही विधेयक मंजूर, विरोधकांचा पळ’. दुसरा होतो ‘चर्चेविना विधेयक रेटले, विरोधकांचा सभात्याग’. दोन्हीत घटना तीच. ‘पळ’ आणि ‘रेटले’ हे दोन शब्द काढून टाका, उरेल ती बातमी. ही सवय हाताला लावून घ्या: मथळ्यातलं विशेषण आणि ठसक्याचं क्रियापद पेन्सिलने खोडायचं आणि मग वाचायचं. त्यानंतर तिसरा-चौथा परिच्छेद बघा. विधेयकात नेमकं काय आहे, कोणत्या कलमावर आक्षेप होता, चर्चा किती वेळ चालली हे तिथे असेल तर बातमीदाराने काम केलंय. सगळी बातमी कोण काय म्हणाला आणि कोण कसा संतापला यावर संपत असेल तर ती बाजूला ठेवा, मग ती तुमच्या बाजूची असो वा नसो.

क्रियापदांची एक बारकी खूण सांगतो. एका पक्षाचा नेता ‘म्हणाला’ किंवा ‘स्पष्ट केले’, आणि दुसऱ्याचा ‘आरोप केला’, ‘दावा केला’, ‘गरळ ओकली’. ‘स्पष्ट केले’ लिहिलं की वाचकाच्या मनात ते खरं ठरतं आणि ‘दावा केला’ लिहिलं की शंका उरते. आठवडाभर एकाच पेपरचं पहिलं पान घेऊन दोन्ही बाजूंच्या नेत्यांपुढची क्रियापदं लिहून काढा. कल कुठे आहे ते कोणी सांगायची गरज उरत नाही. ‘सूत्रांनी सांगितले’ या शब्दांचंही तसंच. सूत्र कुठलं, मंत्रालयातलं, पक्षातलं की पोलिसांतलं, याचा इशारासुद्धा नसेल आणि बातमीचा फायदा उघडपणे एकाच माणसाला होत असेल, तर ती बहुधा त्याच माणसाने पेरलेली असते. तिकीटवाटपाच्या काळात ‘अमुक नाराज, पक्ष सोडणार’ अशा बातम्यांचा जो पूर येतो त्यातल्या कितीतरी स्वतः इच्छुकांनी दबावासाठी सोडलेल्या असतात.

टीव्हीवरच्या चर्चेसाठी मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरेसं आहे. पॅनेलवरचा प्रत्येक जण सलग किती सेकंद बोलू शकला आणि अँकरने किती वेळा मध्ये तोडलं, एवढंच मोजा. कोणाला प्रश्न विचारला जातो आणि कोणाला जाब, तेही टिपा. शिवाय चर्चेचा विषय काय निवडला हे बघा. त्या दिवशी कांद्याची निर्यातबंदी, परीक्षेची पेपरफुटी किंवा एखाद्या पुलाची चौकशी अशी ठोस गोष्ट घडली असेल आणि रात्री नऊला सगळे कोणा नेत्याच्या एका वाक्यावर भांडत असतील, तर कल तिथेच दिसला. जे दाखवलं नाही ते शोधायचा सोपा मार्ग म्हणजे विरुद्ध कलाचे दोन पेपर शेजारी ठेवणं. एकाच्या पहिल्या पानावर असलेली आणि दुसऱ्यात आतल्या पानावर एका कॉलमात गेलेली बातमी, तीच वाचायची बातमी.

वादात सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा होतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजू बहुतेकदा खरा आकडा सांगत असतात. बेरोजगारी घ्या. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या अहवालात ३.२ टक्के हा आकडा आहे, ५.१ टक्के आहे आणि १० टक्केही आहे. पहिला वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून काढलेला, दुसरा मागच्या सात दिवसांच्या स्थितीवरून, तिसरा नेहमीच्याच स्थितीचा पण फक्त १५ ते २९ वयोगटाचा. सीएमआयई या खासगी संस्थेचा आकडा आणखी वर असतो. त्याचं एक मोठं कारण व्याख्येत आहे: घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्याला सरकारी सर्वेक्षण रोजगारात धरतं, सीएमआयई धरत नाही. समोरचा आकडा फेकतो तेव्हा ‘खोटं’ म्हणू नका. वयोगट कोणता, कालावधी कोणता आणि काम म्हणजे काय धरलंय, एवढं विचारा. सरकारी ३.२ वरही एक प्रश्न असतोच, की त्यातले पगारी किती आणि स्वतःच्याच शेतावर परत गेलेले किती. हा तपशील त्याच अहवालात मिळतो.

योजनांच्या आकड्यांत चार शब्द वेगळे ओळखा: घोषित, मंजूर, वितरित, पूर्ण. जाहिरातीत बहुधा ‘मंजूर’ असतं. अर्थसंकल्पातही एकाच योजनेचे तीन आकडे असतात. येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षं मागून येतो, म्हणून कोणी सांगत नाही. पण खरं चित्र तिथेच असतं. मूळ अंदाज मोठा, सुधारित निम्मा, असं दिसलं तर पैसे खर्चच झाले नाहीत. आणि ‘तरतूद दुप्पट केली’ असं कोणी म्हणालं की कोणत्या वर्षाच्या तुलनेत, हे विचारा. दहा वर्षांपूर्वीचा आधार घेतला तर महागाईनेच बराच हिस्सा वाढलेला असतो.

जनमत चाचण्या आणि एक्झिट पोल यावर घरात सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून थोडं थांबतो. हजार जणांच्या शास्त्रशुद्ध नमुन्यात एका पक्षाच्या टक्केवारीत अधिक-उणे तीन टक्क्यांची चूक गृहीतच असते, आणि दोन पक्षांमधल्या फरकात ती जवळपास दुप्पट होते. आघाडी दोन टक्क्यांची असेल तर ती आघाडी नाहीच. खरी घसरण मात्र पुढे होते, टक्केवारीवरून जागा काढताना. भाजपला २०१९ मध्ये ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये ३६.६ टक्के मतं आणि २४० जागा. एका टक्क्याहून कमी घट आणि ६३ जागा गेल्या. महाराष्ट्रात त्याच वेळी दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी होती, पण जागा महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. एक्झिट पोलवाल्यांनी मतांची टक्केवारी बऱ्यापैकी पकडली तरी जागांचा अंदाज साफ चुकू शकतो. २०२४ ला बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं होतं, प्रत्यक्षात २९३ आल्या. २००४ ला वाजपेयी सरकार परत येतंय असंच बहुतेक चाचण्या सांगत होत्या. त्यामुळे चाचणी समोर आली की जागा बघूच नका. मतांची टक्केवारी दिलीय का, मुलाखती कोणत्या तारखांना घेतल्या, समोरासमोर की फोनवर, आणि पैसे कोणी दिले, हे बघा. यातलं काहीच दिलं नसेल तर ती चाचणी म्हणजे जाहिरात.

उमेदवाराचा कागद मात्र कोणत्याही चॅनेलपेक्षा जास्त बोलतो. उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते आपल्याला बघायला मिळतं. निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या संकेतस्थळावर मतदारसंघ निवडला की पीडीएफ उतरवता येते. बहुतेक लोक शेवटची एकूण संपत्ती बघतात आणि ‘बापरे’ म्हणून बंद करतात. असं वाचू नका. आधीच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्रही उतरवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. स्थावर मालमत्तेत प्रत्येक जमिनीच्या पुढे खरेदीची तारीख आणि किंमत असते. जुन्याच जमिनीचा बाजारभाव वाढल्याने संपत्ती फुगली असेल तर ती वेगळी गोष्ट, आणि पाच वर्षांत नवीन जमिनी घेतल्या असतील तर वेगळी. मग मागच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न बघा. जाहीर उत्पन्नाच्या बेरजेतून ही नवीन खरेदी बसते का? जोडीदाराचा आणि अवलंबितांचा रकाना अजिबात सोडू नका, अनेकदा खरेदी तिथेच दिसते. सरकारी देणी, म्हणजे वीज, पाणी, घरभाडं, करांची थकबाकी, हाही रकाना बघा.

गुन्ह्यांच्या रकान्यात कलमांचे क्रमांक वाचा. रास्ता रोको किंवा मोर्चा केला की जुन्या दंडसंहितेतली १४३, १८८, ३४१ अशी कलमं लागतात. महाराष्ट्रात रस्त्यावर उतरलेल्या जवळपास प्रत्येक कार्यकर्त्यावर ती असतात. ३०२ (खून), ३०७ (खुनाचा प्रयत्न), ३७६ (बलात्कार), ४२० (फसवणूक) ही वेगळी जात. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे नवे क्रमांक लागतात, खुनाचं कलम आता १०३ आहे, तेव्हा जुनी यादी डोक्यात ठेवून नव्या प्रतिज्ञापत्रावर फसू नका. न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, हा रकाना महत्त्वाचा. नुसती तक्रार दाखल असणं आणि न्यायालयाला खटल्यात दम वाटणं यात फरक आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर गुन्हे असलेला उमेदवार का निवडला, याचं कारण पक्षाला निवडीनंतर ४८ तासांत प्रसिद्ध करावं लागतं. ‘जिंकण्याची क्षमता’ हे कारण न्यायालयाने अपुरं ठरवलंय. पक्षाच्या संकेतस्थळावर ते कारण शोधून वाचा; बहुतेकदा समाजकार्याचं एकच ठरावीक वाक्य सगळ्यांना चिकटवलेलं असतं, आणि त्यावरून पक्षाने किती विचार केला ते कळतं.

विद्यमान खासदार परत उभा असेल तर संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग मिळतो. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यामुळे मंत्र्याचा रकाना रिकामा दिसला म्हणून व्हॉट्सॲपवर पुढे ढकलू नका.

पेड न्यूज ओळखायला फार कौशल्य लागत नाही. बातमीत विरोधी उमेदवाराचं नावच नाही, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘विजय निश्चित’, ‘झंझावाती दौरा’ आहे, वार्ताहराचं नाव नाही, आणि तोच मजकूर शब्द न बदलता दुसऱ्या पेपरातही आलाय, म्हणजे ती बातमी विकत घेतलेली आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला मात्र कसलीच नाही. त्यामुळे उमेदवार जाहिरात बातमीच्या वेशात आणतो, म्हणजे ती खर्चात धरली जात नाही. प्रत्येक जिल्ह्यात यासाठी माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. तिने पेड न्यूज ठरवली तर जाहिरातीच्या सरकारी दराने तो खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. हा नियम कागदावरचा नाही: २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदाराला पेड न्यूजचा खर्च लपवल्याबद्दल आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. दोन पेपरांची कात्रणं, तारीख आणि पान क्रमांकासह, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या या समितीकडे लेखी द्या. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या राजकीय जाहिराती मेटाच्या जाहिरात संग्रहात शोधता येतात. कोणी पैसे दिले आणि साधारण किती, हे तिथे दिसतं. तटस्थ वाटणाऱ्या नावाचं पान एकाच पक्षावर पैसे उधळत असेल तर ते तिथेच उघडं पडतं.

तक्रार कुठे करायची यात लोक चुकतात. वृत्तपत्राविरुद्ध भारतीय प्रेस परिषद, पण आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं आणि दैनिकासाठी मुदत दोन महिन्यांची आहे. परिषद ताकीद देऊ शकते, दंड करू शकत नाही, आणि टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही. चॅनेलसाठी एनबीडीएसए ही वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने (एनबीडीए) नेमलेली तक्रार संस्था आहे. तिथेही आधी चॅनेलला कळवायचं, तेही प्रसारणानंतर सात दिवसांच्या आत, आणि चॅनेल त्या संघटनेचा सदस्य असला तरच उपयोग.

मतदान संपण्याआधीच्या शेवटच्या ४८ तासांत टीव्हीवर प्रचाराला बंदी असते, पण अनेक टप्प्यांच्या निवडणुकीत ती गळकी आहे. २०२४ ला बारामतीत ७ मेला मतदान होतं आणि शेजारच्या पुण्यात १३ मेला, म्हणजे बारामतीत प्रचार थांबल्यावरही पुण्याची सभा बारामतीच्या घराघरात दिसू शकत होती. छापील माध्यमांना ती बंदी लागू नाही, फक्त मतदानाच्या आणि आदल्या दिवशीच्या राजकीय जाहिरातींना वर सांगितलेल्या माध्यम प्रमाणीकरण समितीची पूर्वपरवानगी लागते. याच दोन दिवसांत ‘अमुक उमेदवाराची माघार’, ‘तमुकाला पाठिंबा’ अशी पत्रकं दारात पडतात. माघारीची मुदत मतदानाच्या बरीच आधी संपलेली असते, त्यानंतर कोणाचंही नाव यंत्रावरून निघत नाही. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असणं कायद्याने सक्तीचं आहे. ते नसेल तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपमधूनच फोटो काढा, कारण गॅलरीतला जुना फोटो ते घेत नाही. ठिकाण ॲप स्वतः नोंदवतं आणि शंभर मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. पत्रक फाडू नका, पथक येईपर्यंत जपून ठेवा.